मालूताईंची बिननावाची भांडी

मालूताई गावंडे कोणाच्याही घरी गेल्या की पाणी पिऊन झाल्यावर पेला गोल फिरवून त्यावरचं नाव वाचत. नुसतं वाचून गप्प बसतील तर त्या मालूताई कसल्या! "हा पेला तुमचा नाही हो. हा जोशीबाईंचा. त्या बदलून इंदूरला गेल्या त्याला सहा वर्षं झाली," असं भर चारचौघांत सांगत. यजमानीणबाईंचा चेहरा पडे. मालूताईंना त्याचं काही नसे. "चोरला म्हणून नाही म्हणत मी. राहून गेला असेल. पण माहीत असावं नं, आपण कोणाच्या पेल्यातून पाणी पिऊन राहिलो ते," असं म्हणून त्या आणखी अर्धा पेला पाणी मागत.

भोपाळला टी. टी. नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांत हा घोळ नेहमीचाच होता. एकीकडून पुरणपोळी यायची, दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी जायची, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून ते आठ-आठ दिवस आमच्या ओट्यावर पडून राहायचं. तेवढ्यात कोणाची तरी बदली व्हायची. त्यामुळे भांड्यांवर नाव असणं फार गरजेचं होतं आणि नाव घालायचं ते मालूताईंनीच. त्यांच्या वडिलांचं नागपूरला इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. लग्न होऊन भोपाळला येताना बाकीच्या मुलींनी काय काय आणलं असेल, यांनी एक टोकदार छिन्नी आणि बोटभर दांड्याची हातोडी आणली होती.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी निळ्या शाईने भांड्यावर नाव लिहायचं. मग भांडं मांडीवर घेऊन, आत लाकडाचा ठोकळा धरून, त्या शाईवरून ठिपक्या-ठिपक्याने ठोकत जायचं. टक, टक, टक. दुपारभर तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. नाव पुरं झालं की त्या न बघताच भांडं मागे सरकवायच्या आणि मी ते नळाखाली धरून साबणाने चोळायची. शाई निघून जायची आणि खाली चकचकीत ठिपक्यांचं नाव उरायचं. मला ते दर वेळी नव्याने आवडायचं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. "मालूताई, एक अक्षर मला ठोकू द्या ना," म्हणून मी किती वेळा मागे लागले असेन! उत्तर एकच: "तू धू. स्टीलवर चुकलं की जन्माचं चुकलं, नंदे."

त्यांचे नियम कडक होते. लग्नाच्या भांड्यावर नाव मुलीचंच, जावयाचं नाही. "भांडं पोरीचं आहे नं? मग त्याचं नाव कायला?" आणि अक्षराबद्दल एक वाक्य तर आम्हा सगळ्या पोरींना पाठ होतं: "पुसट चालेल, वाकडं नको." खरोखरच त्यांचं एकही अक्षर कधी वाकडं गेलं नाही. मी पुढे विमा कंपनीत नोकरीला लागले, हजारो सह्या पाहिल्या, पण तसा सरळ हात नाही पाहिला.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काय गरज आहे बापा? साऱ्या कॉलनीच्या भांड्यांवर मी नावं घातली. आता बिननावाचं भांडं दिसलं की समजायचं, मालूचं आहे." आणि ते खरंच होतं. बिननावाची वाटी आमच्याकडे सापडली की आई न विचारता तिच्यात लाडू घालून मला त्यांच्याकडे पिटाळायची.

पुढे ती क्वार्टरं पाडली. माणसं पांगली. मालूताई हबीबगंजकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. स्टेशनचं नाव बदललं तरी त्या हबीबगंजच म्हणायच्या. "नाव एकदा घातलं की घातलं," हे वर. माझंही घर जवळच, त्यामुळे येणंजाणं राहिलं. मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला आणि हात लुळा पडला. दवाखाना, औषधं, मालिश सगळं झालं. सहा महिन्यांनी हात परत आला, पण थरथर घेऊन आला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला देऊन टाकला. छिन्नी आणि हातोडी कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवली आणि त्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

तेव्हा ईराचं लग्न ठरलं. ईरा म्हणजे त्यांची एकुलती एक नात, आजीच्या कुशीत वाढलेली. लग्न होऊन ती हैदराबादला जाणार होती. तिने आजीपुढे एक स्टीलची वाटी ठेवली. "आजी, मला सेट-बिट काही नको. बस ह्या एका वाटीवर तू माझं नाव घाल."

"बाजारात मशीन आहे. पाच मिनिटांत घालून देतात."

"मला मशीनचं नाही पाहिजे ना यार! साऱ्या भोपाळच्या पोरींना तू नावं घालून दिली, आणि मीच बिनानावाची जाऊ?"

मालूताईंनी वाटी तिच्याकडे परत सरकवली. "वाकडं नाव मी आजपर्यंत कोणाच्या भांड्यावर घातलं नाही. तुझ्या तर मुळीच घालणार नाही." ईरा रडत आत निघून गेली. मी तिथेच बसले होते. मालूताईंनी थरथरता हात पदराखाली घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला काय वाटते, मला नाही वाटत का?" एवढ्या वर्षांत त्यांना मी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

पण ईरा आजीचीच नात. चार दिवसांनी तिचा फोन आला, "मावशी, दस नंबर मार्केटजवळ एक जागा आहे. चिनीमातीची कच्ची भांडी मिळतात, आपण रंगवायची, ते भट्टीत पकवून देतात. आजीला घेऊन येशील? मी म्हटलं तर ती नाहीच म्हणणार." मी मालूताईंना सांगितलं की चहा प्यायला जाऊ. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "चहासाठी तू एवढी नटत नाहीस. चल, बघू काय कट आहे."

जागा छान होती. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर पांढरीफटक, खडूसारखी कोरडी भांडी: कप, ताटल्या, वाट्या, कुंड्या. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या मुली कपांवर मांजरं काढत होत्या. मालूताईंनी सवयीने एक ताटली उचलली, फिरवून पाहिली आणि खूश झाल्या. "एकावरही नाव नाही! सगळी माझीच दिसतात." दुकान चालवणारी फरहीन नावाची हसरी मुलगी होती. तिने सगळं समजावलं. "आंटी, बिगड़ जाए तो गीले स्पंज से पोंछ दीजिए। जब तक भट्ठी में नहीं गया, कुछ भी पक्का नहीं है।"

"पुसता येतं?" मालूताईंनी मला विचारलं, जणू फरहीनने काहीतरी अचाट सांगितलं होतं. मग तिला म्हणाल्या, "बेटा, ये तो बेईमानी है।" पण ताटली खाली ठेवली नाही.

त्यांनी निळा रंग घेतला. ब्रशने 'ई' काढायला गेल्या तर रेघ सापासारखी वळवळली. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. ईरा काही बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी दटावलं. सात-आठ वेळा झाल्यावर मालूताईंनी ब्रश उलटा केला, दांड्याचं टोक रंगात बुडवलं आणि ताटलीवर टेकवलं. एक ठिपका. मग शेजारी दुसरा. हात कापतच होता, पण ठिपका टेकवायला हात क्षणभरच स्थिर लागतो. रेघेला फार वेळ लागतो. मला त्या टेबलाशी बसल्या बसल्या टक, टक, टक ऐकू यायला लागलं. तरीही प्रत्येक अक्षर त्या दोनदा-तीनदा स्पंजने पुसत आणि परत घालत. अकराला सुरू केलं ते दीड वाजता 'ईरा' पुरं झालं. जवळजवळ सरळ! त्यांनी ताटलीकडे बघितलं सुद्धा नाही, नुसती माझ्याकडे सरकवली आणि ईराचा हात धरून हात धुवायला आत गेल्या.

आणि मी काय केलं? मी उठले, ताटली घेतली, कोपऱ्यातल्या ब्रश धुवायच्या नळाखाली धरली आणि अंगठ्याने चांगली चोळली.

निळं पाणी वाहताना बघूनही मला काही वाटलं नाही, हे सांगायला आज लाज वाटते. उलट बरं वाटलं. शाई निघतेय, आता खालून नाव दिसेल! फरहीन ओरडली, "आंटी, ये क्या कर दिया!" तेव्हा मी भानावर आले. खालून काय दिसणार होतं, डोंबल? ओल्या पांढऱ्या मातीवर निळसर डाग तेवढे राहिले होते. अडीच तास त्या हाताने केलेलं काम मी अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मालूताई बाहेर आल्या. ईराने ताटली बघितली आणि तिचे डोळे भरले. मालूताईंनी ताटली हातात घेतली, मग माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या अंगठ्याकडे बघितलं, आणि हसायलाच लागल्या. इतक्या हसल्या की मांजरंवाल्या मुली वळून पाहायला लागल्या. "काय भैताड पोट्टी आहे बापा! एवढी मोठी झाली, साहेबीण झाली, अन् अजून मी भांडं सरकवलं की धुतेच!"

"मालूताई, मला माफ करा हो..."

"माफ काहून? मीच शिकवलं नं तुला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "फरहीन बेटा, दूसरी देना।"

ईरा म्हणाली, "आजी, तू थकलीस. राहू दे ना."

"आता कायचं थकते? पुसून जायचं ते जाऊन चुकलं. आता भ्यायचं कायला?"

दुसऱ्या ताटलीला त्यांनी स्पंज लांब सारला. एकदाही पुसलं नाही. पाऊण तासात 'ईरा' झालं. 'रा' थोडा वर चढला होता, काना तिरका गेला होता. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुसट नाही नं? मग वाकडं चालेल." जन्मभराचा नियम असा एका वाक्यात उलटा करून ठेवला. मग ताटली पालथी घालून मागे, तळाशी, बारीक ठिपक्यांनी आणखी काहीतरी लिहिलं. ईराने वाकून पाहिलं. 'मालू' लिहिलं होतं. त्यांनी स्वतःचं नाव भांड्यावर घातलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "इतक्या लांब चालली ताटली. हैदराबादेत कोणाला काय माहीत, कोणाकडून आली ते," त्या म्हणाल्या. ईराने त्यांच्या गळ्यात हात टाकले तशा ओरडल्या, "अगं, रंग लागेल!" ताटली त्यांनी स्वतः फरहीनच्या हातात दिली. माझ्या आसपासही येऊ दिली नाही.

भट्टीतून त्या ताटलीवरचं नाव गडद निळं होऊन आलं आणि ती ईराबरोबर हैदराबादला गेली. मी धुतलेलीही मालूताईंनी भाजून घेतली आणि मला दिली. उजेडात तिरकी धरली तर तिच्यावर ठिपक्यांची सावली दिसते.

त्यानंतर मालूताई दर गुरुवारी त्या जागी जायला लागल्या. मांजरंवाल्या मुलींना त्यांनी ठिपक्यांनी नाव घालायला शिकवलं. स्वतःच्या घरी मात्र त्या नाव घालायच्या नाहीत म्हणजे नाहीतच. दोन वर्षं अशी छान गेली. गेल्या हिवाळ्यात, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत.

दिवस झाल्यावर ईराने त्यांची भांडी ओळखीच्या घरांत वाटायला काढली. मला तिने एक वाटी दिली आणि कापडात गुंडाळलेलं ते पुडकंही दिलं. "मावशी, हे तुझ्याकडेच राहू दे. आजी बोलून गेली आहे, नंदीला द्या, तिला लहानपणी दिलं नाही."

ते पुडकं मी आठ दिवस उघडलं नाही. मग एका रविवारी दुपारी जमिनीवर बसले, वाटी मांडीवर घेतली, आत लाकडाचा तुकडा धरला आणि निळ्या पेनाने 'मालू' लिहिलं. बिननावाचं भांडं मालूताईंचं, हे ओळखणारी माणसं आता उरली आहेत किती? पहिला ठोका घसरला. 'म' फार मोठा झाला, 'लू' कसाबसा कडेला मावला. स्टीलवर चुकलं की जन्माचं चुकलं, ते आता चुकलंच. पण टक, टक, टक करत पुरं केलं.

मग उठले, वाटी नळाखाली धरली आणि साबण लावून अंगठ्याने चांगली चोळली. शाई सगळी निघून गेली. नाव तिथेच होतं.