एका तिथीच्या तीन सुपाऱ्या

एकाच तिथीला तीन गावच्या लग्नाचा सैपाक अंगावर घेणारा आचारी अख्ख्या जिल्ह्यात एकच हाय, तो म्हंजी मी. त्यातलं एक बी लग्न म्या रांधलं नाय.

आमच्यात आचाऱ्याला लग्न सांगायला माणसं आली की हातावर सुपारी ठेवतात. सुपारी घेतली म्हंजी जबान दिली. लग्न पार पडंस्तवर ती आचाऱ्याच्या देव्हाऱ्यात राहती. परत द्यायची नसती. दिली तर लग्नघरी अपशकुन, आन् आचाऱ्याच्या हाताची चव जाती म्हणतात. माझ्या हाताला चव व्हती का, ह्यावर बायकोचं मत येगळं हाय, ते ऱ्हाऊ द्या.

मागच्या थंडीत माझं डोकं वर चढलं. झोप उडाली आन् थकवा तर नावाला नाय. मला वाटायचं, आता सगळ्या संभाजीनगरला मीच जेवू घालणार. घरमालकाच्या अंगणात त्याला न इचारता तीन तोंडाची भट्टी बांधायला काढली. जो येईल त्याला व्हय म्हणायचो. करमाडच्या एका काकाला लेकीच्या लग्नासाठी व्हय, कन्नडच्या एका आजीला नातीच्या लग्नासाठी व्हय, आन् पैठणला दिलेल्या माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्या थोरल्या पोरीसाठी व्हय.

बायको म्हणली, "अवो, तिघांची तिथी एकच हाय."

म्या म्हणलं, "मग काय झालं? सूर्य बी एकच हाय, पुरतो ना सगळ्या गावांला?"

सूर्याला मंग चार माणसांनी धरून रिक्षात कोंबलं आन् दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. म्हंजी डोकं कधी भट्टीवर, कधी फ्रीजमधी. भट्टी इझली आन् मी फ्रीजमधी गेलो. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडलो. बायकोनं जेवायला हाक मारली तरी उठायला नको वाटायचं. हळूहळू गोळ्यांनी डोकं ताळ्यावर आलं, आन् पयली आठवण झाली ती सुपाऱ्यांची. देव्हाऱ्यात पाहिलं तर दोनच.

"तिसरी कुठं गेली?"

"पानात घालून खाल्ली तुमी. करमाडवाल्यांची."

आता काय करावं? लग्नं केली तर रातच्या रात जागून, भट्टीपुढं उभं ऱ्हाऊन परत दवाखान्यात जायचं. नाय केली तर तीन घरच्या पंगती उपाशी उठतील आन् माझं नाव मातीत जाईल. ह्या इचारानंच माझी झोप परत पातळ व्हायला लागली. तसा मॅडमकडं गेलो.

मॅडम म्हणाल्या, "जागरण एक रात्रसुद्धा चालणार नाही. दोन लग्नं सोडा, तिसऱ्यात थोडा वाटा घ्या. आणि लोकांना आत्ताच सांगा, लग्नाच्या दिवशी नाही. इथून पुढं कुणालाही लगेच हो म्हणायचं नाही, आधी घरी विचारायचं. आणि ह्या गोळीवर पाणी भरपूर प्यायचं. मीठ एकदम कमी नको, एकदम जास्त नको."

बायको खुर्चीतच हसायला लागली. म्हणली, "मॅडम, मिठाचं तुमीच सांगितलं ते बरं झालं. आख्ख्या गावानं सांगून पाहिलं."

करमाडला बायकोसंग बसनं गेलो. दुकानातनं नवी सुपारी घेतली व्हती. बसमधी काय बोलायचं ते घोकलं, आन् काकांच्या दारात गेल्यावर समदं इसरलो.

"काका, माझं डोकं बिघडलं व्हतं. औषध चालू हाय. तुमचं लग्न माझ्याच्यानं व्हणार नाय. माफ करा, अपशकुन झाला तर माझ्याच माथी," असं म्हणून सुपारी पुढं केली.

काकांनी आमाला आधी खाटंवर बसवलं. म्हणले, "आरं, सुपारी घेऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिशी तुझा फोन आला. नवरदेवाच्या तोंडासारखी जिलबी पाडतो, फोटो पाठवा म्हणला. म्या त्याच दिशी दुसरा आचारी सांगितला."

"मंग मला कामून नाय सांगितलं?"

"कधी सांगणार? तू श्वास घेत व्हता का मधी?"

मंग त्यांनी सुपारी उलटीपालटी करून पाहिली. "ही आमची नाय."

"तुमची म्या खाल्ली."

काका पोट धरून हसले. काकूनं चहा आणला. निघताना काका हळूच म्हणले, "आता झोप येती का रं?" म्या म्हणलं येती. "मंग झालं," म्हणले. एवढ्या एका सवालानं छातीवरली सैपाकाची डेग कुणीतरी उतरवल्यागत झालं.

कन्नडच्या आजीला फोन केला. आजी म्हणली, "आमच्या गावातले आचारी मेले का काय? सुपारी देवापुढंच ऱ्हाऊ दे, तू औषध खा."

ऱ्हायली बहीण. ती काय सोडती! "आचारी नको येऊस," म्हणली, "पण मामा पाहिजेल." दुसरा आचारी तिनंच पाहिला. मी लग्नाच्या सकाळी भट्टीवर जाऊन नुसती चव बघायची, असं ठरलं. आदल्या दिशी पैठणला पोचलो. जेवण झालं, गोळी घेतली आन् बायकोनं मला रुखवताच्या खोलीत झोपवून दाराशी सोताची सतरंजी टाकली.

जाग आली तव्हा ऊन खोलीत आलेलं. फोडणीची तडतड आन् वास. धावत भट्टीवर गेलो तर बुंदी तयार, वांग्याची भाजी तयार, वरणाला उकळी. माझ्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं. झारा हातात घेतला, तर त्या आचाऱ्यानं काढून घेतला. "पाहुणे, मांडवात बसा."

मांडवात जाऊन बसलो. इतकी वर्षं म्या लग्नं नुसती ऐकली, भट्टीच्या मागून, मंगलाष्टकं आन् वाजंत्री. सोताचं सोडून पाहिलं एक बी नव्हतं. त्या दिशी भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभा ऱ्हायलो, तिच्या डोक्यावर अक्षता पडताना पाहिल्या. डोळ्यातनं पाणी आलं. बायकोनं लगेच कपाळाला हात लावून पाहिला, परत चढलं का काय म्हणून. म्या म्हणलं, "नाय गं, हे साधंच हाय."

पयली पंगत उठली. माणसं बोटं चाटत व्हती. बहीण घामानं भिजलेली, पण खुशीत आली आन् माझ्याशेजारी टेकली.

"भाऊ, भाजी लई झाक झाली रं."

"मंग! भाऊ कुणाचा हाय?" म्या म्हणलं.

"म्हणून तर सांगते," ती म्हणली, "धाकटीच्या लग्नाला बी तू झोपूनच ऱ्हा."