आई मांजर म्हणेना

गॅसचे व्हॉल्व्ह कसे हाताळायचे हे मी आजवर पुष्कळ कामगारांना शिकवलं. चादरींच्या रंगखान्यात शिकवलं, हॉटेलांच्या भटारखान्यात शिकवलं, मंगल कार्यालयांच्या आचाऱ्यांना शिकवलं. पण माझ्या आईइतका हट्टी विद्यार्थी मला कुठं भेटला नाही, आणि पुन्हा भेटू नये.

मी आयटीआयची फिटर. गॅसची जोडणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. जोडणी झाली की तिथल्या माणसांना ती वापरायला शिकवणं हेही माझ्याकडंच असतं. आई कडक भाकरीच्या कारखान्यात भाकऱ्या थापते. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड, भिंतीला ओळीनं शेगड्या आणि दाराबाहेर जाळीत ठेवलेल्या गॅसच्या टाक्या. आईची शेगडी सगळ्यात आतली. तिथं वारा लागत नाही, जाळ एकसारखा राहतो, असं तिचं म्हणणं. काही पेटलं तर बाहेर पडायला सगळ्यात उशीर तिलाच होणार, हे माझं म्हणणं. या बाबतीत आमचं कधी जमलं नाही.

शिकवायची वेळ आली ती एका शब्दामुळं. आमच्या घरात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान वाढवतात, बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणतात. त्यातून वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हापासून 'बंद' हा शब्द आईनं टाकूनच दिला. दारसुद्धा ती 'लोटून घे' म्हणते. तर एकदा काम उरकल्यावर तिनं आतून हाक मारली, "गॅस वाढव गं." भिंतीवरच्या गॅसच्या कॉकजवळ एक नवी बाई उभी होती. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, आधी टॉवेलच्या कारखान्यात काम केलेली. तिचं मराठी चांगलं आहे, पण सरळ अर्थाचं. सांगितल्याप्रमाणं तिनं गॅस वाढवला. जाळ तव्याच्या कडेनं वर आला आणि आईचा पदर थोडक्यात वाचला.

घरी येऊन आई मला म्हणाली, "तिला मराठी येत न्हाय."

"तिलाच तेवढं येतं," मी म्हटलं.

कारखान्याच्या मालकीणबाई शहाण्या निघाल्या. कुणावर न ओरडता त्यांनी आमच्या कंपनीला बोलावलं, तो जुना कॉक काढून टाकला आणि दाराबाहेर टाक्यांजवळ लांब मुठीचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. मूठ नुसती काटकोनात फिरवली की सगळ्या शेगड्यांचा गॅस एकदम तुटतो. शेगड्या पेटलेल्या असेपर्यंत या मुठीजवळ एक माणूस हवंच, असं मी बजावलं. त्या नव्या बाईनंच ते काम मागून घेतलं. "माझ्या हातून झालं ना, मीच शिकते," ती म्हणाली.

मग सगळ्या बायकांना एकत्र बसवून मी शिकवायला घेतलं. साबणाचं पाणी लावून गळती कशी बघायची, वास आला तर दिव्याच्या बटणाला हात का लावायचा नाही, सगळं सांगितलं. मग मूठ दाखवली. "मूठ पाइपच्या रेषेत असली की वाट मोकळी. पाइपला आडवी असली की वाट अडली." बायका माना डोलवत होत्या. माना डोलवणाऱ्या वर्गाची मला धास्ती वाटते, कारण त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावरून सगळं गेलेलं असतं.

तेवढ्यात ती नवी बाई हळूच म्हणाली, "म्हणजे मांजर आडवं गेलं, तसं?"

हशा पिकला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यामुळं आधी मला तोच आला. मग वाटलं, बाई बरोबर बोलतेय की. मांजर आडवं गेलं की पाऊल थांबतं. मराठी असो, कानडी असो, तेलुगू असो, ते कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय भाकऱ्या थापताना एरवी हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणजे ऐकण्यात घोळ नाही. तिथंच ठरलं. काही पेटलं, निसटलं, की जिला दिसेल तिनं 'मांजर' ओरडायचं आणि बाहेरचीनं मूठ आडवी करायची. कोण, का, कशाला, हे विचारत बसायचं नाही.

आईनं मोडता घातला. "पिठाच्या परातीपाशी मांजराचं नाव कशाला? दुसरं काय न्हाय का?"

"दुसरं काय म्हणशील?"

"वाढव म्हणीन की. आता कळतंय तिला."

"आणि उद्या तिच्या जागी दुसरी आली तर?"

आईनं परात पुढं ओढली आणि पीठ मळायला घेतलं. म्हणजे विषय संपला.

माझा संपला नव्हता. पुढं कितीतरी दिवस सकाळी कामावर जाताना मी तिथं थांबायचे आणि एकेकीला आपल्या शेगडीपासून ओरडायला लावायचे. बायकांना त्यात मजा वाटायला लागली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं एकदा येऊन विचारलं, मांजरांचा फार त्रास आहे का. आईची पाळी आली की मात्र ती नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तशी पुटपुटायची. बाहेर उभ्या असलेल्या बाईला ढिम्म ऐकू यायचं नाही.

"आई, मोठ्यानं."

"घरात डोक्यावर मिरे वाटतीस ते कमी हाय व्हय? हितंबी वाट."

एक दिवस माझा तोल गेला. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "तुझी शेगडी शेवटची आहे. बाकीच्या पळतील, तू आत अडकशील. आणि मला आई एकच आहे."

आई म्हणाली, "बरं, बरं. रडू नगंस." मी रडत नव्हते, चिडले होते. त्यानंतरही तिचं पुटपुटणं काही सुटलं नाही.

उन्हाळ्यात मी मोहोळला एका ठिकाणी शिकवत होते, तेव्हा मालकीणबाईंचा फोन आला. "आई बरी हाय, पण तू ये." त्यातल्या 'पण'नं मी पुणे रस्त्यावर स्कूटर कशी हाणली ते सांगण्यासारखं नाही. जीव मुठीत धरून पोचले तर आई पायरीवर बसली होती. दवाखान्यात जाऊन आलेली, उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी, भुवया जळालेल्या, आणि मालकीणबाईंनी दिलेला चहा फार गोड झाला म्हणून कुरकुर चाललेली. ती कुरकुर ऐकली तेव्हा कुठं माझी खात्री पटली. मी तिच्याशेजारी मटकन बसले.

झालं होतं ते असं. झाडायला म्हणून कुणीतरी आईची शेगडी ओढली होती, त्यात तिची रबरी नळी तोंडापाशी ढिली झाली आणि आई भाकरी उलथत असताना निसटली. नळीनं पेट घेतला. आग आईच्या आणि दाराच्या मधे. बाकीच्या बाहेर पळाल्या, आई भिंतीला टेकली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," शेजारच्या शेगडीवरची बाई म्हणाली, "अशी वरडली तुझी आई, की गिरणीवालासुद्दा दळण सोडून पळत आला."

आईनं मांजर म्हटलं होतं. पत्रे थरथरतील एवढ्या मोठ्यानं म्हटलं होतं.

मुठीजवळच्या बाईला आतलं काहीच दिसलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेले, तर तीच अपराध्यासारखी म्हणाली, "ताई, मी पूर्ण ऐकलं नाही. 'मांज' एवढंच ऐकलं आणि मूठ फिरवली. 'र' नंतर आला."

मी तिच्या गळ्यात पडले. इतक्या वर्षांत इतक्या माणसांना शिकवलं, पण शिकवलेल्याचं असं दान माझ्याच पदरात पडेल, असं कधी मनात आलं नव्हतं. तिला काय द्यावं ते सुचेना. साडी द्यावी वाटलं, मग वाटलं, साडीनं काय होतंय. तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते फेडायचेही नाहीत. राहू देत.

डॉक्टरांनी आईला विश्रांती सांगितली होती. पुढच्या आठवड्यात मी कारखान्यातल्या सगळ्या नळ्या बदलायला गेले, तर घरी पडून राहायचं सोडून आई तिथंच. ती व्हॉल्व्हजवळ, जाळीच्या सावलीत पोत्यावर बसली होती. शेजारी ती बाई. डावा हात मुठीवर, आणि उजव्या हातानं आमटीत भाकरी कुस्करून ती आईला भरवत होती. तापानं फणफणली तरी माझ्या हातचा घास न घेणारी माझी आई लहान पोरासारखी आ करत होती. मला थोडं लागलं, नाही असं नाही. मी तशीच उभी राहिले.

आईनं मला बघितलं. तोंडातला घास गिळायच्या आधीच त्या बाईला म्हणाली, "हिलाबी दे एक. सकाळपास्नं उपाशीच असंल."

तिनं माझ्यापुढं घास धरला, आणि मी खाली बसून तो खाल्ला.