राजम्मा वाचते तेव्हा

मास्तरणीच्या नोकरीत बावीस वर्षं गेली की किस्से आपोआप साठतात. खडूची भुकटी लुगड्यावर बसते तसेच, कितीही झटका! शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, "बाई, तुमच्या त्या राजम्मावर मुलांसाठी कादंबरी लिहा!" कादंबरी? साठ मुलींचा वर्ग सुटला की मला चपला शोधायचासुद्धा कंटाळा येतो. किस्से सांगते, तेवढ्यावर भागवा.

राजम्मा म्हणजे साखर पेठेतल्या मल्लय्या विणकराची मुलगी. वय नऊ. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि डोक्यात तिसरंच काहीतरी चाललेलं. मला 'पंतुलम्मा' म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत मास्तरीणबाई. माझ्याकडे तिसरीत आली आणि माझी होती नव्हती ती विश्रांती गेली.

*

एकदा गिरणीचा भोंगा वाजला, तशी ही मुलींना म्हणाली, "आत एक राक्षसीण कोंडलीय. पोटात दुखतं म्हणून ओरडते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर पाच मुली गायब! हजेरी घेऊन घेऊन मी दमले. अर्ध्या तासानं गिरणीचा पहारेकरी पाचही जणींना घेऊन दारात उभा. प्रत्येकीच्या मुठीत ओवा.

"बाई, ह्या पोरी म्हनत्यात, आत तिला द्या. आता कुनाला द्यायचा?"

मी पोरींना चांगलं रागावले. तो मात्र जाता जाता म्हणाला, "थोडा मलाच द्या की. सकाळपासनं पोट बिघडलंय!"

*

मग डेप्युटी साहेब तपासणीला आले. आठवडाभर मी भीमा नदी घोकून घेतली होती. उगम, उपनद्या, काठची गावं, सगळं. साहेबांनी साठातून नेमकं राजम्माला उठवलं.

"भीमेबद्दल काय माहीत आहे?"

"ती काल आमच्याकडे आली होती. डोंगरातून चालत आली ना, पाय लई दुखत होते. आईनं बसायला पाट दिला."

साहेब हसले नाहीत. शेऱ्यात लिहिलं, 'तिसरीचा भूगोल कच्चा.' मोठ्या बाईंनी तो शेरा मला तीनदा वाचून दाखवला. मी उभ्या उभ्या ऐकत होते आणि मनात म्हणत होते, भीमेला निदान पाट तरी मिळाला!

*

त्याच तिरीमिरीत मी मल्लय्याला चिठ्ठी लिहिली. 'मुलगी वर्गात खोटं बोलते. समज द्यावी.' आणि दिली कुणाच्या हाती? राजम्माच्याच! त्या घरात वाचता येणारं माणूस तेवढं एकच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लय्या नारळ घेऊन हजर.

"पंतुलम्मा, लई चांगलं लिवलं की पोरीबद्दल! चिठ्ठी देवापाशी ठेवलीय."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण शेवटचा तास नुकता संपला होता, तेवढं बोलायचंही त्राण नव्हतं. नारळ घेतला. एकटीला तो तीन दिवस पुरला.

*

विणकरांच्या घरी बायका कांड्या भरतात, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळतात. राजम्मा त्यांना जुनं वर्तमानपत्र वाचून दाखवायची. वाचायची मराठीत, सांगायची तेलुगूत. त्यात भीमेच्या लग्नाची बातमी असायची, राक्षसिणीच्या बाळंतपणाचीही असायची.

एक दिवस शेजारचा शिकलेला जावई आला. त्यानं तोच कागद घेतला आणि खरी बातमी वाचली. नळाची वेळ बदलली वगैरे. पाचव्या ओळीला एका म्हातारीनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"ह्याला वाचता येत न्हाय! राजम्माला बोलवा!"

जावयाचा अपमान झाला ना! त्यानं मल्लय्याला सगळं सांगितलं. देवापाशी ठेवलेली माझी चिठ्ठीसुद्धा वाचून दाखवली.

*

राजम्माची शाळा बंद झाली. 'खोटंच शिकायचं, तर घरी कांड्या भरू दे,' असा मल्लय्याचा निरोप आला.

वर्ग शांत झाला. अशी शांतता मी किती वर्षं मागत होते! तीन दिवसांत ती नकोशी झाली. सरळच सांगते, मला ती मुलगी परत हवी होती.

मधल्या सुट्टीत बसून मी पुन्हा चिठ्ठी लिहिली. 'राजम्मा हुशार आहे. भूगोलही येईल. सातवीपर्यंत शिकली तर मास्तरीण होईल. शाळेतून काढू नये.' तिच्या गल्लीतल्या मुलीबरोबर पाठवली. जावई तोवर आपल्या गावी गेलेला. म्हणजे वाचणार पुन्हा राजम्माच! पण या वेळी खोटं वाचायची तिला गरजच काय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मल्लय्या वर्गाच्या दारात आला. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हाताला राजम्मा.

"पंतुलम्मा, हिनं वाचलं. पर हिच्यावर आता इस्वास न्हाय. तुमी बघून सांगा." आणि त्यानं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "'पंतुलम्माला घरी बोलाया कुनी न्हाय. दिसभर पाढे घोकून घेऊन त्या थकत्यात. राजम्मा वर्गात असली की जरा हसत्यात. म्हनून तिला काढू नका.' असंच लिवलंय? असंल तर पोरगी ठिवून जातो. नसंल तर घेऊन जातो."

राजम्मा जमिनीकडे बघत होती. मी चष्मा लावला, चिठ्ठी उलगडली आणि माझ्याच हाताच्या चारही ओळी सावकाश वाचल्या.

"हो," मी म्हणाले. "अगदी असंच लिहिलंय."