तो माझा भाचा आहे

इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला माझी बहीण आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा नवरा घानाचा. भाचा बापावर गेलाय. उंच, काळा, आवाज भारदस्त. तो आणि माझा मुलगा एकाच वर्गात. बहीण त्याला लहानपणापासून बजावायची, दुकानात हुड काढ, बससाठी पळू नकोस, सरांशी बोलताना हात खिशात नकोत.

मी हसायचो. "अगं, पोरगा आहे की कैदी?"

"दादा, तुझ्या पोराला हे सांगावं लागत नाही, म्हणून तुला गंमत वाटते."

गेल्या हिवाळ्यात शाळेतून फोन आला. दोघांची मारामारी झाली होती. आमच्या गार्डनमध्ये एरवी चालायची तशीच, पण या वेळी माझ्या मुलाचा ओठ फुटला. मी पोचलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा, आधी मीच मारलं."

मग त्यांच्या इयत्तेच्या प्रमुख बाईंनी मला आत बोलावलं. "त्या मुलाची आम्हाला आधीपासूनच काळजी वाटत होती. फार आक्रमक आहे. तुम्ही त्याला ओळखता का?"

आडनावं वेगळी, त्यांना कसं कळणार? माझ्या मुलाची स्कॉलरशिपची मुलाखत तोंडावर आली होती. मी म्हणालो, "थोडंफार."

ज्याच्या उष्टावणाला मामा म्हणून पहिला घास मी भरवला, त्याला मी थोडंफार ओळखत होतो. माझ्या मुलाला आइसपॅक मिळाला. भाच्याला सस्पेंड केलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "तुला विचारलं असेल ना त्यांनी? काय म्हणालास?"

मी होतं तसं सांगितलं. ती ओरडली नाही. "उद्या पुन्हा जा," म्हणाली.

गेलो. तो माझा भाचा आहे, सुरुवात माझ्या मुलानं केली, सगळं बोललो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "घरातलाच मुलगा म्हटल्यावर तुमची किती ओढाताण होत असेल. तरी त्याला सांभाळून घेताय. मोठं मन आहे तुमचं."

निर्णय बदलला नाही. आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर माझ्यावर विश्वास बसला असता का, हे मला आता कधीच कळणार नाही.

बाहेर गाडीत बहीण आणि भाचा थांबले होते. त्यानं काच खाली केली. "मामा, ते बिलीव्ह केले?"

"नाही."

"ओके," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं.