भीमराजने शिवलेलं पोट

रंगभूमीवर माझं पोट भीमराजचं होतं. मी मूळचा काडीपैलवान. राजा म्हणून शोभावा यासाठी आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या भीमराजने मला कापसाचं पोट शिवून दिलं. ते आतून बांधलं की माझी चालसुद्धा बदलायची. टाळ्या मी घेतल्या, पण त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या.

कंपनी बंद पडल्यावर तो दहिसरच्या चाळीत दारातच मशीन टाकून बसला. बायको शकु एचआयव्हीने गेली आणि तपासणीत यालाही तोच आजार निघाला. मुलगी दर्शना लहान होती, तिला कळू दिलं नाही. मला मात्र सांगितलं. गोळ्या त्याने कधी चुकवल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात दर खेपेला आधी काट्यावर उभं करायचे.

"नाना, वजन म्हणजे आमचं प्रगतिपुस्तक," तो हसून म्हणे. "टिकलं की पास!"

अशी वर्षामागून वर्षं तो पास होत गेला.

गेल्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला, अंग उतरू लागलं. नेमकं तेव्हाच दर्शनाचं लग्न वाकोल्याच्या प्रितमशी ठरलं. वजन घटलेलं दिसलं तर दवाखान्यात दाखल करतील, मग पाहुणे विचारतील, कसला आजार? लग्न मोडेल या धास्तीने त्याने आपली कला बाहेर काढली. चाळीसाठी शर्टाखाली माझं जुनं पोट बांधलं. काट्यासाठी बनियनच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या. कोळी जाळ्याला लावतात त्या या गोळ्या. पूर्वी नाटकाचा पडदा सरळ पडावा म्हणून तो त्या गोराईहून आणायचा. काट्याने वजन कायम दाखवलं. खोकल्याला तो कापसाची धूळ म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

विहारात लग्न लागलं. मी त्याला मिठी मारली आणि माझा हात कापसात रुतला.

"भीम्या, हे पोट माझं आहे रे!"

"आवाज खाली, नाना. मेलेल्या राजाने पडदा पडेपर्यंत हलायचं नसतं. तुम्हीच शिकवलं ना?"

"आणि आत काय उरलंय?"

"पोरीचा बाप. चला, जेवून घ्या. बासुंदी झकास झालीय."

दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. काठ हाताला लागला तशी सिस्टर म्हणाली, "काका, बनियन पण काढा." मग काट्यावरचा आकडा पाहून तिने थेट डॉक्टरांना बोलावलं. फुप्फुसांत क्षय पसरला होता.

"खरं वजन दिसलं असतं तर छाती तेव्हाच तपासली असती," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बरा होणारा आजार आहे हो."

पण आता फार उशीर झाला होता.

तो गेल्यावर दर्शना ते बनियन घेऊन माझ्याकडे आली.

"काका, कशाला केलं हे बाबांनी?"

"तुझं लग्न मोडू नये म्हणून गं."

"मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. गोळ्यांच्या डब्यावरचं वाचता येत नव्हतं का मला? प्रितमला मी पहिल्याच भेटीत सांगितलं. खोकला ऐकून तो म्हणाला, तारीख पुढे ढकलू, आधी बाबांना नीट दाखवू. मीच म्हटलं, काही झालं नाही त्यांना, वजन बघ की त्यांचं..."

कात्री घेऊन ती काठ उसवायला बसली. भीमराजचा टाका इतका बारीक, की कुठून सुरू केलाय तेच तिला सापडेना.