संजनाचा पातळ थर

इंद्रलोक वसाहतीतल्या त्या ब्यूटी पार्लरमध्ये नखांचं काम म्हणजे संपदाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग संजना आली. तिला दिव्याखाली वाळवायचं जेल पॉलिश लावायला संपदानेच शिकवलं, आणि वर्षभरात गिऱ्हाइकं संजनाचीच वाट बघत बसायला लागली. नख खरं असो की वरून चिकटवलेलं प्लास्टिकचं, संपदाचं पॉलिश कडेने उचकटायचं, संजनाचं टिकायचं.

"माझ्या नखांना लाव बघू," एका रिकाम्या दुपारी संपदा म्हणाली. तिला खोट काढायची होती.

संजनाने इतका पातळ थर दिला की लावलाय की नाही तेच कळेना. तो दिव्याखाली वाळवला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा.

"जाड लावलं की आतून कच्चं राहतं, ताई," ती सहज म्हणाली. संपदाला ते फार झोंबलं.

घरी तिने मुद्दाम कढया घासल्या, कोलंबी सोलली. पण टवका म्हणून उडाला नाही. रोज सकाळी ती नखं निरखायची आणि मनातून जळायची.

एक दिवस तिच्या गिऱ्हाइकानेच तिचा हात धरला. "दीदी, कितना सुंदर! किसने किया?"

'मैंने' अगदी ओठांवर आलं होतं, पण शेजारी संजना ऐकत होती.

"इसने," संपदा म्हणाली. बाई उठून संजनासमोर जाऊन बसली.

जरा वेळाने संपदाने आपलं स्टूल संजनाच्या बाजूला ओढलं.

"हळू कर," ती तुटकपणे म्हणाली. "मला बघायचंय."