गरम टायरमधली हवा

सध्याचं पोस्टिंग प्रताप नगर, नागपूर. हुद्दा आजी. ताब्यात एक नवरा, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, आणि एक सहा चाकांची कॅम्पर व्हॅन. व्हॅनमध्ये दोन पलंग, एक शेगडी आणि ऐंशी लिटर पाण्याची टाकी. व्हॅन यांच्या हौशीची, टायर माझ्या ताब्यात. लग्नानंतर भांडण न होता झालेली ही पहिली वाटणी.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये पाच वर्षं होते, महिला अधिकाऱ्यांच्या सुरुवातीच्या काळात. रेशन, पाणी, इंधन आणि ते वाहणाऱ्या गाड्या हे आमचं काम. कॅप्टन होऊन बाहेर पडले. नात विचारते, आजी, तू बंदूक चालवली का. चालवली, पण टायरमध्ये हवा जास्त वेळा भरली.

मे महिन्यात व्हॅनची पहिली ट्रायल रन ठरली. नागपूर ते उमरेड आणि परत. यांना वाटलं, जवळचं म्हणून मी उमरेड निवडलं. खरं कारण मी सांगितलं नाही. उमरेडला सुमनबाई धकाते राहतात, हवालदार शेषराव धकाते यांच्या पत्नी. त्यांना मला एक गोष्ट सांगायची होती. तीस वर्षांपासून सांगायची होती. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, एसटी दिवसभर चालू. तरी मी गेले नव्हते. राजस्थानच्या टोकापर्यंत जाऊन आलेली बाई उमरेडचं तिकीट काढायला घाबरत होती, असं समजा.

निघायच्या आधी हवा भरायचा कॉम्प्रेसर घेणं आलं. यांनी मोबाईलवर एक पसंत करून ठेवला होता. पाण्याच्या बाटलीएवढा, निळा दिवा लागणारा. मी म्हटलं, दुकानात जाऊ, गाडी घेऊन जाऊ.

दुकानदाराने तसाच एक काढून हातात दिला.

“आंटी, हा घ्या. दीडशे पीएसआय लिहून आहे डब्ब्यावर. तुमच्या गाडीले पासष्टच लागते न जी.”

“सलग किती मिनिटं चालतो?”

त्याने यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात हुद्द्यांचा उलगडा तिथेच झाला.

“जवरी हवा भराची, तवरी चालते न.”

मी म्हटलं, मग भरून दाखवा. मागच्या चाकातली वीस पाउंड हवा मी स्वतः सोडली. पासष्टवरून पंचेचाळीस. छोटं यंत्र लावलं, घड्याळ सुरू केलं. अकराव्या मिनिटाला आकडा सत्तावन्नवर होता आणि यंत्र गरम होऊन आपोआप बंद पडलं. दुकानदार म्हणाला, थोडा आराम करू द्या त्याले. मी म्हटलं, त्याला करू द्या, आपण दुसरं आणा.

दुसरं दोन सिलिंडरचं निघालं. वजन चांगलं पाच किलो. सिगारेट लायटरच्या भोकात न खुपसता चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचं. राहिलेले आठ पाउंड त्याने दीड मिनिटात भरले. मी टायर पुन्हा पंचेचाळीसवर आणून पूर्ण वीस भरायला लावले. चार मिनिटं. मग नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का ते पाहिलं. पोचली, हातभर शिल्लक राहिली. मागे जोडटायर आहेत. आतल्या टायरच्या तोंडावर बाहेरून नेहमीचं टोक बसत नाही, म्हणून वाकडं टोक वेगळं मागितलं. हवा मोजायचं गेजही वेगळं घेतलं, कारण यंत्रावरचं गेज यंत्राच्या बाजूने बोलतं. तोवर दुकानदाराने माझ्यासाठी खुर्ची मागवली होती.

हे म्हणाले, “एवढं काहून, बाहेर कुठेही पंपावर हवा मिळते.”

मी म्हटलं, मिळते. पण पंपापर्यंत पोचेस्तोवर टायर गरम होतो. हवा थंड टायरवर मोजायची, गाडी हलायच्या आधी, घरच्या अंगणात. त्यासाठी तर हे पाच किलो विकत घेतलं.

ट्रायल रनच्या दिवशी ०५३० ला मी अंगणात होते. इंजिन सुरू, म्हणजे बॅटरी बसत नाही. चिमटे लाल-काळे बघून लावले. सहा टायरपैकी दोन साठवर, एक एकसष्टवर निघाला. दोन टायर झाले की यंत्राला दहा मिनिटं सुट्टी, मग तिसरा. ०६२० ला सगळे पासष्ट. दाराच्या पट्टीवर कंपनीने लिहिलेला आकडा तेवढाच आहे. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून विचारलं, काय फवारणी चालली काय वं. मी हो म्हटलं.

निघायला दहा वाजले. यांना भौतिकशास्त्र येतं, वेळेवर निघणं येत नाही. १०४५ ला उमरेड रोडवर चहासाठी थांबलो. ऊन चांगलंच चढलं होतं. मी चहा सांगून वळले तर हे मागच्या चाकापाशी गेज लावून बसलेले.

“अगं, बहात्तर झालं. सात काढून टाकतो.”

“हात काढा.”

मी हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज त्यांनी लग्नानंतर ऐकलेला नव्हता. चहावाल्यानेही गाळणं खाली ठेवलं. हे उठून उभे राहिले. म्हणाले, काय झालं. मग टपरीच्या बाकावर बसून मी त्यांना ते सांगितलं. तेच इथे लिहिते.

पहिलं पोस्टिंग राजस्थानात होतं. मी लेफ्टनंट, वय चोवीस, डोक्यावर नवी टोपी आणि टोपीखाली फारसं काही नाही. मे महिना. एक युनिट वाळवंटात एक्सरसाइजवर होतं. त्यांना पाणी आणि रेशन पोचवायचा कॉन्व्हॉय माझ्या हाती दिला. बारा गाड्या. माझा उजवा हात हवालदार धकाते. उमरेडच्या विणकराच्या घरातला माणूस, अठरा वर्षं सर्व्हिस, बारीक अंगाचा, आवाज कधी न चढवणारा. ड्यूटीवर माझ्याशी हिंदीत बोलायचा, ड्यूटी संपली की आपल्या बोलीत. नागपूरची मॅडम मिळाली म्हणून तो खूश होता. माझं नागपूर त्याला महागात पडेल हे दोघांनाही माहीत नव्हतं.

११०० ला निघालो. १६०० ला पोचायचं होतं. १३१० ला हॉल्ट. मी गेज घेऊन टायर तपासत फिरले, कारण अधिकाऱ्याने काहीतरी तपासायचं असतं. सगळे टायर ठरलेल्या आकड्याच्या दहा पाउंड वर. मला घाम फुटला. लहानपणापासून एक गोष्ट पक्की डोक्यात होती: आमच्याकडे उन्हाळ्यात सायकलमध्ये हवा कमी ठेवतात, नाहीतर ट्यूब फुटते. बाबांची सायकल, कोपऱ्यावरचं दुकान, सगळं गाव हेच सांगायचं. मी सायकलच्या दुकानाचं शहाणपण तीन टनी गाड्यांना लावलं.

“हवालदार, सब गाड़ियों के टायर से दस-दस पाउंड हवा निकालो.”

“मॅडम, गरम टायर की हवा नहीं निकालते. चलने से बढ़ी है. बढ़नी ही है.”

“ये ऑर्डर है.”

“राइट, मॅडम.”

मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं: “टायर थंडा झाला का मंग काय कराल जी?”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. या एका कामात मी तेव्हाही निपुण होते.

आज मी कुणालाही दोन वाक्यांत सांगते. गाडी चालली की हवा तापते, आकडा वर जातो, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. ती हवा काढली तर टायर कमी हवेवर चालतो, जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मग फुटतो. तेव्हा मला हे सांगणारा माणूस समोर सॅल्यूट करून उभा होता.

हवा निघाली. निघताना धकातेने एक बदल केला. सातव्या नंबरच्या गाडीत पाण्याचं सगळ्यात जास्त वजन होतं आणि टायर सगळ्यात जुने. तिचा ड्रायव्हर नवा होता. धकातेने त्याला आपल्या जागी पुढच्या गाडीत बसवलं आणि सातव्या नंबरचं स्टीअरिंग स्वतः घेतलं. तिला सगळ्यात मागे ठेवलं. मी मनात शेरा मारला: हवालदार रुसला.

१४३५ ला रेडिओ वाजला. टायगर वन म्हणजे मी, आवाज धकातेचा.

“टायगर वन, टायर बर्स्ट. नंबर सात.”

“आदमी?”

“ठीक है.”

“गाड़ी?”

“खड़ी है. ओव्हर.”

मी मागे गेले. पुढच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. रस्त्यावर दूरवर एक वाकडी काळी रेघ आणि मग वाळूत दोन खोल चाकोऱ्या. गाडी उभी होती, उलटली नव्हती. पाणी सगळं शाबूत. तो ताशी पंचवीसने चालवत होता आणि पुढच्या गाडीपासून दोनशे मीटर अंतर ठेवून होता. त्याला माहीत होतं काय होणार आहे. फक्त कोणत्या चाकाचं, ते माहीत नव्हतं. कोणाच्या हाताखाली व्हावं, हे त्याने ठरवलं होतं.

तो स्टीअरिंगवरून उतरला तेव्हा दोन्ही मनगटं सुजलेली होती. मला म्हणाला, “अब हवा वापस डालें, मॅडम?”

रिपेअर गाडीवर एकच कॉम्प्रेसर होता. धकाते म्हणाला, दर गाडीमागे त्याला थांबवून थंड करा. मला उशिराची घाई. मी म्हटलं, चालू ठेवा. चौथ्या गाडीला त्यातून निळा धूर निघाला आणि तो अडकला तो अडकलाच. एका दुपारी दोन चुका, दोन्ही हवेच्या. उरले दोन हातपंप. माणसांच्या पाळ्या लावल्या, प्रत्येकी शंभर धक्के. माझी पाळी मी लावून घेतली. तळहाताला फोड आले. तेवढंच त्या दिवशीचं माझं बरं काम.

१८४० ला पोचलो. युनिटच्या लोकांकडे प्रत्येकी बाटलीभर पाणी उरलं होतं. त्यांच्या साहेबांनी विचारलं, उशीर का. मी म्हटलं, टायर बर्स्ट, सर. हे खोटं नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहिलं, अतिशय उष्णतेमुळे. तेही खोटं नव्हतं. धकाते माझ्या मागे उभा होता, काही बोलला नाही. आभार मानायचं मला सुचलं नाही. माफी मागायची सुचली, पण ते पुढच्या आठवड्यावर टाकलं. पुढचे सगळे आठवडे तसेच गेले.

पाच वर्षांनी मी सैन्य सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर, पावसात, रस्ता खचला. कॉन्व्हॉयची पहिली गाडी खाली गेली. तिच्यात धकाते होते. मी त्यांच्या घरी पत्र पाठवलं. इंग्रजीत, छापील नमुन्यासारखं. उमरेडच्या बाईला इंग्रजीत.

यांनी पूर्ण ऐकलं. चहा थंड झाला होता. म्हणाले, “तीस वर्षं मी पोरांना वायूंचे नियम शिकवले आणि आत्ता गेज घेऊन बसलो होतो.” मग उठून त्यांनी टायरच्या तोंडावर टोपण नीट बसवलं. “चल. घर सापडेल का?”

सापडलं. सुमनबाई साठीच्या. घरात पूर्वी माग होता, त्याचा खड्डा बुजवून तिथे आता फ्रीज ठेवला आहे. मुलगा कोळसा खाणीत कामावर गेला होता. भिंतीवर धकातेंचा युनिफॉर्ममधला फोटो. मी कोण हे सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मी बसले नाही. उभी राहून, पाठ ताठ करून, वेळांसकट बोलले. ऑर्डर माझी होती. त्यांनी नको म्हटलं होतं. टायर माझ्यामुळे फुटला. रिपोर्टमध्ये मी ते लिहिलं नाही.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते तं मले माईत आहे.”

कसं काय, मी विचारलं.

“सुट्टीवर आले तवा सांगतलं होतं त्यायनं. हसू हसू सांगे. नागपूरच्या मॅडमनं हवा काढाले लावली, अन मंग मॅडमनंच पंप मारला म्हणे. हाताले फोड आले तरी सोडला नाई. लय खूश होते तुमच्यावर.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “तुमी हेच सांगाले आल्या का जी? मले वाटलं, त्यायचं काई सांगाल. मले माईत नाई असं.”

तीस वर्षं मी माझीच गोष्ट घेऊन फिरत होते. तीही सुमनबाईंच्या नवऱ्याने आधीच सांगून टाकली होती, माझ्या बाजूने.

मी विचारलं, सातव्या नंबरची गाडी कोण चालवत होतं, ते त्यांनी सांगितलं का.

“नाई. कोन चालवे?”

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. नव्या ड्रायव्हरला उठवून आपल्या जागेवर बसवलं, ते सांगितलं. दोनशे मीटर अंतर सांगितलं. काळी रेघ आणि वाळूतल्या चाकोऱ्या सांगितल्या. सुजलेली मनगटं सांगितली. त्या एकेक गोष्ट हातात घेऊन पाहावी तशी ऐकत होत्या. यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

सांगून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. सुमनबाई उठल्या, आतल्या सुनेला हाक मारली, नातीला मांडीवर घेतलं आणि पुन्हा खाटेवर बसल्या.

“आता हिले सांगा जी,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून.”

हवालदार शेषराव धकाते, राहणार उमरेड. ११०० ला आम्ही निघालो, मी म्हटलं. बारा गाड्या होत्या.